आझिलो, हॉस्पिसियो आणि तुये : धर्मादायाची इस्पितळे, सरकारची इस्पितळे

गोव्यातील माणूस आजारी पडला की त्याच्या तोंडी ज्या इस्पितळांची नावे येत, त्यांतील दोन नावे मोठी बोलकी आहेत. एक म्हापशाचे ‘आझिलो’ आणि दुसरे मडगावचे ‘हॉस्पिसियो’. दोन्ही इस्पितळे कित्येक वर्षे सरकारी होती. डॉक्टर सरकारी, औषधे सरकारी, केसपेपरही सरकारी. नावे मात्र ख्रिस्ती धर्मादायातून आलेली. आझिलो म्हणजे निराधारांचा आसरा आणि हॉस्पिसियो म्हणजे आजारी-दुबळ्यांचे आश्रयस्थान. आझिलोचे काम आता पेडे येथील जिल्हा इस्पितळात चालते आणि हॉस्पिसियो २०२० साली मडगावच्या नव्या दक्षिण गोवा जिल्हा इस्पितळात सामावले गेले. तरी जुन्या पिढीच्या बोलण्यातून ही नावे गेलेली नाहीत. महाराष्ट्र ‘रुग्णालय’ लिहितो तेव्हा आपण सहज ‘इस्पितळ’ लिहितो, आणि हा शब्दही मुळात पोर्तुगीजच.

शापोरा नदी ओलांडून पेडण्यात गेले किंवा डिचोलीकडे वळले की असे एकही नाव कानावर येत नाही. तेथील इस्पितळे गावांच्या नावांनी ओळखली जातात: तुये, कासारवर्णे, डिचोली, साखळी, मये. त्यांच्यामागे ना कोणता संत, ना कोणते पाद्रीसाहेब, ना कोणते धर्मादाय मंडळ. जे काही आहे ते मुक्तीनंतरच्या सरकारने उभारलेले. नावांतील हा फरक वरवरचा नाही. जुन्या काबिजादींत सरकारी इस्पितळ हे धर्मादायाच्या खांद्यावर उभे राहिले. नव्या काबिजादींत त्याला टेकायला खांदाच नव्हता. पेडणेकर आज तुयेच्या इस्पितळासाठी इतक्या चिकाटीने का भांडतात, हे समजून घ्यायचे तर या फरकाच्या मुळाशी जावे लागते.

विकसनशील देशांतील आरोग्यसेवेचा इतिहास लिहिताना अभ्यासक साधारणपणे दोन संस्थांची तुलना करतात: एकीकडे मिशनचे रुग्णालय, दुसरीकडे सरकारी रुग्णालय. मिशनचे स्वच्छ, शिस्तीचे, पण धर्मप्रसाराच्या हेतूने उघडलेले. सरकारी मोफत, सर्वांसाठी खुले, पण गर्दीचे आणि अनास्थेचे, असे ते ठरलेले चित्र. ब्रिटिश हिंदुस्थानाला आणि आफ्रिकेच्या बऱ्याच भागाला ते थोडेफार लागूही पडते. गोव्याला मात्र ते बसत नाही, कारण येथे साडेतीनशे-चारशे वर्षे राज्य आणि धर्मपीठ हे एकाच घराचे दोन सोपे होते.

आफोंसो दि आल्बुकेर्कने १५१० साली गोवा शहर घेतले आणि त्यानंतर लगेचच तेथे राजाचे इस्पितळ सुरू झाले. खर्च राजाचा, व्यवस्था पुढे ‘सांता काझा द मिझेरिकॉर्दिया’ या ख्रिस्ती धर्मादाय बंधुसंघाकडे आणि १५९१ पासून जेझुइट पाद्र्यांकडे. म्हणजे ते सरकारी होते की मिशनचे, या प्रश्नालाच त्या काळी अर्थ नव्हता. पिरार द लाव्हाल हा फ्रेंच प्रवासी १६०८ साली आजारी अवस्थेत या इस्पितळात दाखल झाला होता. तेथील स्वच्छ अंथरुणे, चांदीची भांडी आणि नेमाने होणारी रुग्णांची विचारपूस पाहून तो थक्क झाला. जगात असे इस्पितळ आपण पाहिले नाही, अशा अर्थाचे त्याने लिहून ठेवले आहे. या वर्णनाचा उल्लेख गोव्याच्या इतिहासात वारंवार होतो. मात्र त्याच्या जोडीची गोष्ट क्वचितच सांगितली जाते. हे इस्पितळ पोर्तुगीज सैनिकांसाठी होते. देशी माणसाला, मग तो ख्रिस्ती झालेला का असेना, त्या चांदीच्या वाटीतून पेज मिळत नव्हती. देशी रुग्णांसाठी वेगळी, साधी व्यवस्था होती आणि हिंदूंसाठी त्यांचे वैद्य होते.

त्या वैद्यांचीही कथा गमतीची आहे. १५६७ च्या धर्मपरिषदेने ख्रिस्ती लोकांनी हिंदू वैद्यांकडून उपचार घेऊ नयेत असे ठरवले. ठराव कागदावर राहिला. खुद्द व्हाइसरॉय आणि धर्मगुरू आजारी पडले की वैद्यालाच बोलावणे जाई. गार्सिया द ओर्ताने १५६३ साली गोव्यात छापलेल्या आपल्या औषधिग्रंथात येथल्या वैद्यांच्या ज्ञानाची दखल घेतलेली आहेच. धर्माच्या नावाने भिंती बांधता येतात. ताप चढला की त्या भिंतींना आपोआप दारे फुटतात.

आता पेडणे आणि डिचोली या कथेत कोठे येतात ते पाहू. डिचोली आणि सत्तरी १७८१-८२ च्या सुमारास पोर्तुगिजांकडे आली, पेडणे १७८८ मध्ये. तिसवाडी, बार्देश आणि साष्टीनंतर अडीचशे वर्षांनी. या अडीचशे वर्षांत सारे बदलले होते. इस्पितळे चालवणाऱ्या जेझुइटांना पोर्तुगालच्या राजसत्तेनेच १७५९ मध्ये हाकलून लावले होते. नव्या मुलखातील हिंदू प्रजेला तिच्या धर्माचरणात ढवळाढवळ होणार नाही, असे आश्वासन देणे राज्यकर्त्यांना भाग पडले होते. आणि पुढे १८३५ मध्ये उरलेसुरले धार्मिक संघही गोव्यात बरखास्त झाले, त्यांची मालमत्ता सरकारजमा झाली. म्हणजे या दोन महालांत पोर्तुगीज सत्ता पोहोचली तेव्हा तिच्या हातातील क्रूस आणि औषधाची बाटली, दोन्ही वस्तू जवळजवळ गळून पडलेल्या होत्या.

येथे एक गोष्ट स्पष्टपणे सांगायला हवी. मिशन पोहोचले नाही याचे दुःख त्या काळी पेडणे-डिचोलीत कोणाला झाले असेल, असे मानण्याचे कारण नाही. डिचोली तालुक्यातील नार्वे येथे श्रीसप्तकोटेश्वराचे देवालय आहे. हा देव मूळचा दिवाडी बेटावरचा. धर्मच्छळाच्या काळात भाविकांनी तो नदीपार आणला आणि १६६८ मध्ये शिवाजी महाराजांनी देवालयाचा जीर्णोद्धार करविला. ज्या मुलखाची स्मृती अशा देवांच्या स्थलांतरांनी घडलेली आहे, तेथे एखाद्या मिशनने दवाखाना थाटला असता तर लोकांनी त्याची पायरी चढण्यापूर्वी दहा वेळा विचार केला असता. हे लक्षात न घेता ‘तेथे सेवा पोहोचली नाही’ एवढेच म्हणणे अर्धवट ठरेल. पण विश्वास नव्हता म्हणून दुखणी थांबली नाहीत. हिवताप होता, देवी होती, बाळंतपणातले मृत्यू होते, सर्पदंश होते. देवाधर्माची ग्वाही मिळाली. औषधाची कोणी दिली नाही.

जुन्या काबिजादींत मात्र संघ बरखास्त झाल्यावर निर्माण झालेली पोकळी स्थानिक ख्रिस्ती समाजाने भरून काढली. पाद्री आंतोनियु जुआंव द मिरांद यांनी १८६७ मध्ये मडगावात हॉस्पिसियोची स्थापना केली. ते परदेशी मिशनरी नव्हते, याच मातीतले होते. म्हापशात आझिलो उभे राहिले. रायबंदरला मिझेरिकॉर्दियाचे इस्पितळ होतेच. या संस्था देणग्यांवर, मृत्युपत्रांतून मिळालेल्या जमिनींवर आणि चक्क लॉटरीवर चालत. मिझेरिकॉर्दियाचा हा सारा संसार पुढे १९४७ साली स्थापन झालेल्या ‘प्रोव्हेदोरिया’ या सरकारी संस्थेकडे गेला. तीच आज वृद्धाश्रम चालवते. गोव्यात धर्मादाय सरकारी कसा होत गेला, त्याचा इतका स्वच्छ नमुना दुसरा नाही.

सरकारने स्वतः काय केले? १८४२ मध्ये पणजीत वैद्यकीय शाळा काढली. आशियातील पाश्चात्त्य वैद्यकाच्या जुन्या शाळांपैकी ही एक, आणि आजच्या गोवा वैद्यकीय महाविद्यालयाची म्हणजे आपल्या ‘गोमेकॉ’ची पूर्वज. पण तिच्यातून बाहेर पडलेले कितीतरी डॉक्टर मोझांबिक, अंगोला अशा आफ्रिकेतील पोर्तुगीज वसाहतींत नोकरीला पाठवले गेले. गोव्याचा डॉक्टर समुद्र ओलांडून आफ्रिकेत जाई. शापोरा ओलांडून पेडण्यात मुक्कामाला राहणारा मात्र विरळा. तालुक्याला एखादा सरकारी आरोग्य अधिकारी असे. त्याच्या वाट्याला देवीची टोचणी, साथीचे अहवाल आणि दाखले देणे एवढेच मुख्यतः येई.

आणि पेडण्याने तर मुंबईला एक थोर डॉक्टर दिला होता. डॉ. भाऊ दाजी लाड यांचा जन्म पेडणे महालातला. लहानपणीच ते मुंबईला गेले, ग्रँट मेडिकल कॉलेजच्या पहिल्या तुकडीतून १८५१ मध्ये बाहेर पडले, गोरगरिबांवर उपचार करून नावारूपाला आले आणि महारोगावरील वनस्पतिज औषधाच्या शोधासाठी त्यांनी आयुष्याची अनेक वर्षे खर्ची घातली. मुंबईतील वस्तुसंग्रहालयाला त्यांचे नाव आहे. त्यांच्या जन्मभूमीत त्या वेळी खाटा असलेले इस्पितळ नव्हते.

इस्पितळ होते ते तेरेखोलच्या पलीकडे, ब्रिटिशांच्या मुलखात. तेथे मिशनचा इतिहास अगदी वेगळ्या रीतीने घडला. ब्रिटिश सरकार स्वतः मिशने चालवत नव्हते. मिशने होती ती खासगी, परदेशी देणग्यांवर चालणारी आणि बहुतांशी प्रोटेस्टंट. पोर्तुगीज गोव्यात त्यांना थारा नव्हता. कॅथलिक मिशनांना तर आणखी एक अडसर होता. संन्यासिनींनी शस्त्रक्रिया आणि प्रसूतीची कामे करू नयेत, असा चर्चचा नियम होता. त्या शुश्रूषा करीत, डॉक्टरकी करू शकत नसत. ॲना डेंगेल यांनी १९२५ मध्ये वैद्यकीय सेवेसाठी खास संघ स्थापन केला आणि रोमने हा निर्बंध १९३६ मध्ये उठवला. तोपर्यंत हिंदुस्थानातील नामवंत मिशन रुग्णालये, एडिथ ब्राउन यांची लुधियानाची संस्था काय आणि आयडा स्कडर यांचे वेलोर काय, प्रोटेस्टंट हातांनी उभी राहून गेली होती. पडद्यातील बायकांना पुरुष डॉक्टर तपासू शकत नाही, ही अडचण ओळखून आलेल्या स्त्री डॉक्टरांनी त्यांतले निम्मे काम केले. कॅथलिक गोव्यात असे का झाले नाही, याचे उत्तर बऱ्याच अंशी या एका नियमात आहे.

दक्षिण महाराष्ट्रात हे काम अमेरिकन प्रेस्बिटेरियन मिशनने केले. डॉ. विल्यम वॉनलेस यांनी १८९४ मध्ये मिरजेत रुग्णालय उभारले. तेथे कुष्ठरोग्यांसाठी रिचर्डसन रुग्णालय झाले, क्षयरोग्यांसाठी वॉनलेसवाडीचे आरोग्यधाम झाले, आणि ‘मिरजेला नेले’ हे वाक्य कोकणापासून कर्नाटकापर्यंत गंभीर आजाराचा समानार्थी शब्द बनले. याच मिशनचे एक रुग्णालय वेंगुर्ल्यात, पेडण्याच्या सीमेपासून काही तासांच्या वाटेवर होते: सेंट ल्यूक्स. तेथे डॉ. गोहीन यांनी दीर्घकाळ काम केले. त्यांचा मुलगा रॉबर्ट १९१९ मध्ये वेंगुर्ल्यातच जन्मला. तो पुढे अमेरिकेतील प्रिन्स्टन विद्यापीठाचा अध्यक्ष झाला आणि १९७७ ते १९८० या काळात अमेरिकेचा राजदूत म्हणून भारतात परतला. वेंगुर्ल्यात जन्मलेला अमेरिकन राजदूत ही गमतीची बाब म्हणून सांगितली जाते. मला मात्र त्यात दुसरेच काही दिसते. डॉक्टर आपले बिऱ्हाड घेऊन आला होता. त्याची मुले त्या गावात जन्मत होती. वॉनलेस तर १८८९ मध्ये आले ते १९२८ मध्ये निवृत्त होऊन परतले. जवळजवळ चाळीस वर्षे. आपल्या तालुक्याच्या आरोग्य केंद्रात चाळीस वर्षे सोडाच, चार वर्षे सलग राहिलेला शल्यचिकित्सक किती गावांनी पाहिला असेल?

मिशनच्या रुग्णालयांची ताकद यंत्रांत किंवा परदेशी पैशांत होती असे म्हणतात, ते अर्धेच खरे. पैसा होता, पण तो फार नव्हता. खरी ताकद होती ती मुक्कामाची. रात्री दोन वाजता बैलगाडी दारात आली तरी डॉक्टर आवारातच असे. परिचारिकांचे प्रशिक्षण तेथेच होई आणि त्या मुली आसपासच्याच असत. विधवा, परित्यक्ता, दलित घरांतील कितीतरी मुलींना या शिक्षणाने स्वतःच्या पायावर उभे केले.

याची दुसरी बाजू झाकून ठेवण्याचे कारण नाही. औषधाआधी प्रार्थना, खाटेशेजारी शुभवर्तमानाची प्रत, बरे वाटू लागले की धर्मोपदेश, हे या रुग्णालयांचे उघड धोरण होते. आजारी माणूस दुबळा असतो आणि दुबळेपणी मांडलेला धर्म हा निवडीचा धर्म नसतो, हा आक्षेप साधा नाही. सेवेच्या आडून धर्मांतर होत असेल तर मिशनऱ्यांनी ते थांबवावे, असे गांधीजींनी १९३१ मध्ये स्पष्टपणे मांडले. तत्कालीन मध्य प्रदेश सरकारने नेमलेल्या नियोगी समितीने १९५६ च्या अहवालात वैद्यकीय सेवेचा धर्मांतरासाठी वापर होऊ नये, अशी शिफारस केली. दुसरीकडे, मिरजेच्या रुग्णालयातून बरे होऊन गेलेल्या असंख्य रुग्णांपैकी धर्म बदललेले अगदीच थोडे, हेही खरे. लोक औषध घेत, प्रवचन ऐकून घेत आणि घरी जाऊन आपल्या देवाला नारळ वाढवत. सर्वसामान्य माणसाचा हा व्यवहारीपणा दोन्ही बाजूंच्या वादविवादांत हरवून जातो.

स्वातंत्र्यानंतर मिशनची रुग्णालये दोन बाजूंनी चेपली गेली. परदेशी मिशनरी परतले, देणग्या आटल्या, परदेशी निधीवर कायद्याची बंधने आली. खर्च भागवायला शुल्क वाढवावे लागले, आणि शुल्क वाढले की ज्या गरिबासाठी ते उभारले तोच सरकारी दवाखान्याकडे वळला. मिरजेत सरकार आणि मिशन काही काळ हातात हात घालून चालले. १९६२ मध्ये तेथे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय निघाले तेव्हा विद्यार्थ्यांना खाटेपाशी नेऊन शिकवण्याचे काम मिशनच्या रुग्णालयात होई. पुढे सरकारने स्वतःची रुग्णालये वाढवली, आणि वॉनलेस रुग्णालय अलीकडच्या वर्षांत आर्थिक ओढाताणीत सापडले.

आफ्रिकेत, जेथे एकेकाळी गोव्याचे डॉक्टर गेले त्या खंडात, हा प्रश्न वेगळ्या तऱ्हेने हाताळला गेला. टांझानियाने ज्या जिल्ह्यात सरकारी रुग्णालय नव्हते पण मिशनचे होते, तेथे दुसरे न बांधता त्यालाच जिल्हा रुग्णालयाचा दर्जा दिला. पगार आणि खाटांचा खर्च सरकारने उचलला. मलावीमध्ये चर्चप्रणीत रुग्णालयांची एक संघटना आहे. तेथील कर्मचाऱ्यांचे पगार सरकार भरते आणि करार झालेल्या ठिकाणी बाळंतपण व बालकांचे उपचार मोफत होतात. घानातही अशीच व्यवस्था आहे. यात शहाणपण आहे: गरीब देशाने एकाच गावात दोन इमारती का बांधाव्यात? पण सरकारकडून पैसे वेळेवर आले नाहीत की ही रुग्णालये मोफत सेवा थांबवतात किंवा शुल्क लावतात, आणि अडलेल्या बाळंतिणीला दोन्हींपैकी कोणाला जाब विचारावा हे कळत नाही. सरकार म्हणते रुग्णालय चर्चचे. चर्च म्हणते पैसा सरकारचा.

मडगाव आणि म्हापशात आपणही नेमके हेच केले होते, फक्त त्याला कोणी ‘आफ्रिकी पद्धत’ म्हटले नाही. मुक्तीनंतर सरकारने धर्मादायाच्या वास्तूत आपले डॉक्टर आणि परिचारिका आणून बसवल्या. त्यामुळे साष्टी आणि बार्देशला पहिल्या दिवसापासून खाटा असलेले, लोकांच्या सवयीचे, शहराच्या मध्यभागी असलेले इस्पितळ तयार मिळाले. पुढे त्या इमारती अपुऱ्या पडल्या तेव्हा ‘जिल्हा इस्पितळ हवे’ ही मागणी करायलाही पायाखाली आधार होता. पेडणे, डिचोली, सत्तरी यांच्या वाट्याला आली ती कोरी पाटी. तेथे प्राथमिक आरोग्य केंद्रे निघाली, उपकेंद्रे निघाली. लसीकरण, हिवताप नियंत्रण, गरोदर स्त्रियांची तपासणी ही कामे त्यांनी केली आणि चांगली केली. आज गोव्यातील बालमृत्यूचे प्रमाण देशात कमी असलेल्या राज्यांत मोडते, त्याचे श्रेय चांदीच्या वाट्यांच्या इस्पितळाला नाही, घरोघर फिरणाऱ्या या परिचारिकांना आहे. पण आरोग्य केंद्र म्हणजे इस्पितळ नव्हे. रात्री पोट फाडण्याची वेळ आली तर ते रुग्णाला पुढे पाठवते.

पुढे म्हणजे बांबोळीला. पेडणे शहरापासून गोमेकॉ सुमारे चाळीस किलोमीटर; केरी, हरमल किंवा आतल्या डोंगराळ गावांपासून त्याहून अधिक. साखळी-डिचोलीहून वाट थोडी कमी, पण खनिजमालाच्या ट्रकांचा काळ ज्यांनी पाहिला आहे त्यांना ती वाट किती लांब होऊ शकते ते ठाऊक आहे. १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका २००८ पासून आहे आणि तिने पुष्कळ जीव वाचवले. तरी रुग्णवाहिका ही इस्पितळापर्यंत नेणारी गाडी आहे, इस्पितळ नाही. गंमत अशी की एकेकाळी तेरेखोलच्या उत्तरेला इस्पितळ होते आणि दक्षिणेला नव्हते. आज सिंधुदुर्गचा रुग्ण पेडण्यातून, दोडामार्गचा डिचोलीतून बांबोळीलाच धावतो. २०१८ मध्ये परराज्यातील रुग्णांना शुल्क लावले गेले तेव्हा दोडामार्गात आंदोलन झाले ते याचमुळे. बांबोळीच्या गर्दीत पेडणेकर आणि दोडामार्गकर एकाच रांगेत उभे असतात.

या पार्श्वभूमीवर तुयेचे प्रकरण पाहावे. तेथे आधीपासून सामाजिक आरोग्य केंद्र होते. लक्ष्मीकांत पार्सेकर हे मुख्यमंत्री असताना, म्हणजे पेडण्याचा माणूस सत्तेच्या शिखरावर असताना, शंभर खाटांच्या इस्पितळाची योजना पुढे सरकली. इमारत उभी राहिली. आणि मग ती वर्षानुवर्षे उभीच राहिली. दरम्यान ११ डिसेंबर २०२२ या एकाच दिवशी पेडणे तालुक्यात मोपाच्या विमानतळाचे आणि धारगळच्या अखिल भारतीय आयुर्वेद संस्थेचे उद्घाटन झाले. विमानतळ आला, महामार्ग रुंद झाला, किनाऱ्यावर पर्यटक वाढले, आणि त्यांच्याबरोबर अपघातही वाढले. आयुर्वेद संस्थेचे मोल कमी लेखण्याचे कारण नाही. पण महामार्गावर मांडीचे हाड मोडलेल्या तरुणाला पहिल्या तासाभरात रक्त, शल्यचिकित्सक आणि भूलतज्ज्ञ लागतो, आणि तो त्याला तालुक्यात मिळत नाही. २०२५ मध्येही पेडणेकर याच मागणीसाठी रस्त्यावर उतरले. हे इस्पितळ गोमेकॉला जोडा, हा त्यांचा आग्रह होता.

जोडणीचा हा आग्रह बाहेरच्या माणसाला तांत्रिक वाटेल. त्याचा अर्थ साधा आहे. आरोग्य खात्याखालील इस्पितळात विशेषज्ञांची पदे थोडी, त्यातली काही रिकामी, आणि भरलेल्या पदांवरचा डॉक्टर कधी बदलून जाईल सांगता येत नाही. वैद्यकीय महाविद्यालयाशी जोडले की पदव्युत्तर विद्यार्थी, निवासी डॉक्टर, विभागप्रमुखांची देखरेख हे सारे पाळीपाळीने का होईना, तेथे येते. एक डॉक्टर गेला तर दुसरा येतो. खुर्ची रिकामी राहत नाही. म्हणजे पेडणेकर मागत आहेत तो मुळात मुक्कामच. वेंगुर्ल्याच्या मिशन रुग्णालयात जो एका डॉक्टरच्या निष्ठेने मिळत होता, तो येथे एका व्यवस्थेने मिळावा असे ते म्हणत आहेत.

आणि येथेच मिशन व सरकार यांच्यातील खरा भेद माझ्या मते समोर येतो. दात्याकडे मागता येते, भांडता येत नाही. हॉस्पिसियो स्थापन झाले तेव्हा तेथे खाट मिळाली नाही म्हणून कोणी मोर्चा काढला नसता. वेंगुर्ल्याचे रुग्णालय कमी झाले तेव्हा कोणी विधानसभेत प्रश्न विचारला नाही. दिलेले दान परत घेतले तर तक्रार कोणाकडे करायची? तुयेसाठी मात्र माणसे उपोषणाला बसू शकतात, पंचायत ठराव करू शकते, आमदाराला गावात अडवून विचारता येते. सरकारी इस्पितळाची गैरव्यवस्था आपल्याला इतकी टोचते, ती ते आपले आहे म्हणूनच.

तरीही नुसत्या हक्काने इस्पितळ चालत नाही, हे तेव्हाच्या अहमदनगर जिल्ह्यातील जामखेडने दाखवून दिले. डॉ. रजनीकांत आरोळे आणि डॉ. मेबल आरोळे हे ख्रिस्ती दांपत्य वेलोरला शिकले. नेवासे तालुक्यातील वडाळा येथील मिशन रुग्णालयात काम करताना त्यांना दिसले की बरे होऊन गेलेला रुग्ण त्याच आजाराने पुन्हा येतो. म्हणून १९७० मध्ये ते जामखेडला गेले आणि रुग्णालयापेक्षा गावातील अल्पशिक्षित, बहुतेक दलित स्त्रियांना आरोग्याचे शिक्षण देण्यावर त्यांनी भर दिला. धर्मप्रसाराचा मागमूस नसलेले हे काम जगभर अभ्यासले गेले. देशातील ‘आशा’ कार्यकर्तीच्या कल्पनेची मुळे शोधताना जामखेडचे नाव घ्यावेच लागते. गोव्याने आशा योजना स्वीकारली नाही. आपल्या परिचारिकांवर आणि अंगणवाडी सेविकांवर भिस्त ठेवली. लहान राज्याला ते आजवर निभावले. पण वृद्धांची संख्या वाढत असताना, मधुमेह आणि रक्तदाबाचे रुग्ण घरोघर असताना, पेर्णे-इब्रामपूरच्या वाड्यावरची एकटी म्हातारी गोळ्या घेते की नाही हे पाहायला शंभर खाटांचे इस्पितळ जाऊ शकत नाही.

तुयेचे इस्पितळ पूर्ण क्षमतेने चालायचे तर आणखी एका गोष्टीची चर्चा व्हायला हवी, जी आंदोलनांत आणि पत्रकार परिषदांत फारशी होत नाही: तेथील डॉक्टर आणि परिचारिका राहणार कोठे. पणजीहून सकाळी निघून संध्याकाळी परतणारा भूलतज्ज्ञ रात्री दोनच्या बाळंतपणाला उपयोगाचा नाही. विमानतळानंतर पेडण्यात घरांची भाडी अशी चढली आहेत की नव्या परिचारिकेच्या पगारात मोरजी-मांद्र्याला खोली मिळणे कठीण. मिशनच्या जुन्या रुग्णालयांच्या आवारात सर्वात आधी बांधला जाई तो डॉक्टरचा बंगला आणि परिचारिकांचे वसतिगृह. शस्त्रक्रियागृह कधीकधी नंतर येई. तुयेच्या निविदा, यंत्रसामग्री आणि पदांच्या यादीत कर्मचाऱ्यांच्या निवासाची तरतूद किती आहे, हा प्रश्न पेडण्याच्या पंचायतींनी आणि लोकप्रतिनिधींनी आता विचारायला हवा. डिचोली आणि साखळीकरांनीही तो आपापल्या केंद्रांबाबत विचारावा.